पडद्यावरची सुरकुती

दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते. वर्तमानपत्रातली ओळ सरळ चालता चालता एका जागी खाली उतरते आणि तिथलेच एखादे अक्षर पुसट होते. साठीच्या आसपासची माणसे ही तक्रार घेऊन आधी चष्म्याच्या दुकानात जातात, नंबर बदलून घेतात आणि नवा चष्माही लागू पडला नाही म्हणून हळहळतात. दोष चष्म्यात नसतोच. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पातळ पापुद्रा धरलेला असतो. तो आकसतो आणि पडद्याला सुरकुत्या पडतात. डॉक्टर त्याला एपिरेटिनल मेम्ब्रेन किंवा मॅक्युलर पकर म्हणतात.

पापुद्रा येतो कुठून?

डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलीटर काचद्रव असतो. तरुणपणी तो जेलीसारखा दाट असतो. वयाबरोबर तो पातळ होतो, आक्रसतो आणि बहुधा पन्नाशी-साठीनंतर पडद्यापासून सुटतो. अनेकांना तेव्हा नजरेसमोर ठिपके, धागे तरंगताना दिसतात आणि बाब तिथेच थांबते. काहींच्या डोळ्यांत मात्र सुटताना त्याचा थोडा थर मागे राहतो, किंवा पडद्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चिरा पडतात. तिथे पेशी जमतात, पसरतात आणि आकसू लागतात. हे सारे घडते ते पीतबिंदूवर. वाचणे, सुई ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही बारीक कामे पडद्याचा हाच मधला भाग करतो.

बहुतेकांच्या बाबतीत कारण वयच असते. मधुमेहाने बिघडलेला पडदा, पडद्यातली तुंबलेली शीर, डोळ्याच्या आतली सूज, जुना मार किंवा आधीची शस्त्रक्रिया यांमुळेही पापुद्रा धरतो. फार वाचल्याने किंवा मोबाइल पाहिल्याने तो येत नाही.

एकेक डोळा झाकून पाहा

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. त्यामुळे हा विकार कित्येक महिने लक्षात येत नाही. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांच्या नावाचा चौकटींचा तक्ता यासाठीच आहे. १० सेंटिमीटरच्या चौरसात अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन आणि मधोमध एक ठिपका. वाचायचा चष्मा लावायचा, तक्ता सुमारे ३० सेंटिमीटरवर धरायचा, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि ठिपक्यावर नजर ठेवायची. रेषा वाकड्या दिसल्या, चौकोन लहानमोठे किंवा गायब वाटले, तर पडद्याच्या डॉक्टरांकडे जावे. तक्ता नसेल तर स्वयंपाकघरातल्या फरश्यांच्या रेघाही चालतात.

एकाएकी ठिपक्यांचा पाऊस पडला, विजा चमकल्यासारखे दिसले किंवा बाजूने काळी सावली सरकत आली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेव्हा पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची शंका असते.

ऑपरेशन कधी?

थेंब, गोळ्या किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी पापुद्रा निघत नाही. ओसीटी तपासणीत पडद्याचे थर उभ्या छेदात दिसतात. पापुद्रा किती ताणतो आहे, मधला खळगा बुजला आहे का, हे त्यात कळते. पण केवळ ओसीटीच्या चित्रावरून शस्त्रक्रिया ठरवणे योग्य नाही. बऱ्याच जणांचा पापुद्रा वर्षानुवर्षे आहे तसाच राहतो. वाचन, हिशेब, वाहन चालवणे सुरळीत असेल, तर ठरावीक काळाने तपासणी पुरते. कामच अडू लागले, वाकडेपणा वाढत गेला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. मात्र नजर फार खालावेपर्यंत थांबू नये. जितकी नजर शिल्लक, तितका निकाल चांगला.

या शस्त्रक्रियेला व्हिट्रेक्टोमी म्हणतात. रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७० मध्ये मायामीत तिची आजची वाट मोकळी केली. बहुधा डोळ्यापुरती भूल देतात. बुबुळाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटरवर तीन बारीक छिद्रे घेतात. आजची उपकरणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची असल्याने टाके सहसा लागत नाहीत. काचद्रव काढतात, निळ्या रंगद्रव्याने थर उठून दिसतो आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली नाजूक चिमट्याने पापुद्र्याची कड उचलून तो हलकेच सोलतात. पुन्हा पापुद्रा धरू नये म्हणून खालचा आतला थरही अनेकदा काढतात.

नजर लगेच सुधारत नाही. तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. बहुतेकांचा वाकडेपणा कमी होतो, पण पूर्वीची नजर तंतोतंत परत येईलच असे नाही. साठीनंतर शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर वाढतो, म्हणून कधी दोन्ही कामे एकत्र करतात. पडदा सुटणे, जंतुसंसर्ग हे धोके थोडे, पण खरे आहेत. डोळ्यात गॅस भरला असेल, तर तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य आणि उंच घाट चढण्याआधीही डॉक्टरांना विचारायचे.

म्हणून डॉक्टरांसमोर बसताना रिपोर्टबरोबर आपली अडचणही नेमकी सांगावी: काय वाचता येत नाही, कुठल्या पायरीवर पाऊल चुकते, कोणते काम सोडावे लागले. निर्णयाला सर्वांत मोठा आधार त्याचाच असतो आणि ही माहिती रुग्णाशिवाय दुसरे कोणीच देऊ शकत नाही.