उरलेल्या लोकरीची पांघरुणं

विणणाऱ्या प्रत्येकीच्या कपाटात उरलेल्या लोकरीची एक पिशवी असतेच. स्वेटरला अपुरी, टाकायला जीव होत नाही. त्या लोकरीची गरजूंसाठी पांघरुणं करा! दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेलांनी समाजासाठी दिलेल्या ६७ वर्षांच्या स्मरणार्थ '६७ ब्लँकेट्स' ही चळवळ २०१३ च्या अखेरीस सुरू झाली आणि हजारो हात विणू लागले. आपल्याकडे ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स'च्या बायकांनी ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट जोडून गिनीज विक्रम केला. छोटी छोटी ब्लँकेटं जोडूनच ते झालं होतं. केवढी ही ताकद!

आता कामाचं. पांघरूण छोटे चौकोन विणून, ते जोडून करायचं. आधी लोकर जाडीप्रमाणे वेगळी करा. रंग कितीही विजोड असले तरी चालतील, पण जाड-बारीक मिसळलं की चौकोन वेडेवाकडे होतात. सगळ्या चौकोनांची शेवटची ओळ एकाच रंगात घ्या, विजोडपणा लगेच देखणा दिसतो. शुद्ध लोकर आणि ॲक्रिलिक एकत्र करू नका. गरम पाण्यात शुद्ध लोकर आटते, ॲक्रिलिक आटत नाही. अनाथाश्रम, वृद्धाश्रमात कपडे एकत्रच धुतले जातात, तिथे ॲक्रिलिकच बरं. मात्र शेकोटीजवळ झोपणाऱ्यांना ते देऊ नका, ठिणगीने वितळतं. तान्ह्या बाळांसाठी जाळीची वीण आणि झालर टाळा, बोटं अडकतात. धाग्यांची टोकं आत नीट ओवा. आणि देण्याआधी संस्थेला फोन करून कोणता आकार हवा ते विचाराच.