नॉर्वेच्या तेलातली 14 टक्क्यांची ओढाताण

30 एप्रिल 2020 रोजी नॉर्वेच्या सरकारने तेल कंपन्यांना करसवलत देऊ केली आणि कंपन्या खूश व्हायच्या सोडून रुसल्या. सवलतीतला कळीचा आकडा 10 टक्के होता. जूनमध्ये संसदेतून तो बाहेर पडला तेव्हा 24 टक्के झाला होता. मधल्या सहा आठवड्यांत काय झाले, हे मी नंतर नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला मुलीकडे राहायला गेले तेव्हा निवांत वाचून काढले. माझी नोकरी मुंबईत तेलाच्या हिशेबात, उपकर आणि रॉयल्टीच्या रकान्यांत गेली. निवृत्तीनंतर मैत्रिणी भिशीला जातात, मी परक्या संसदेची कामकाजाची टिपणे वाचते. भाषा येत नाही. भाषांतर संगणक करतो आणि तो अडला की जावई. जावई तेल कंपन्यांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे, त्यामुळे त्याचे मत वादाच्या आधीच ठरलेले असते.

आधी कर समजून घ्यायला हवा. नॉर्वेत तेल कंपनीच्या नफ्यावर 78 टक्के कर आहे. 2020 मध्ये त्यातले 22 टक्के सगळ्याच कंपन्यांना लागणाऱ्या कराचे होते आणि वरचे 56 टक्के विशेष कराचे, फक्त समुद्रातून तेल-वायू काढणाऱ्यांसाठी. ऐकणारा म्हणतो, मग तिथे विहीर खणायला जाते कोण?

जमीनमालक दोन तऱ्हांनी शेत कसायला देतो. एकीत खर्च सगळा कसणाऱ्याचा, पण मळणी झाली की मालकाचा हिस्सा आधी बाजूला. दुसरीत बी, खत, मजुरी यांतही मालक आपला वाटा उचलतो आणि मग उरेल त्यात वाटेकरी होतो. आपल्याकडची रॉयल्टी आणि कच्च्या तेलावरचा 20 टक्के उपकर पहिल्या तऱ्हेचे; विहिरीला खर्च किती आला याची ते चौकशी करत नाहीत. नॉर्वेने 1986 नंतर मंजूर झालेल्या क्षेत्रांना रॉयल्टीच ठेवली नाही. तिथे सरकार नफ्यात 78 टक्क्यांचे भागीदार आहे, आणि खर्चाची वजावट देऊन तोट्यातही तितकेच. कोरडी विहीर लागली तरी कंपनीच्या खिशातून खऱ्या अर्थाने जातात ते शंभरातले 22.

पण वजावट कधी मिळते यालाही किंमत असते. जुन्या नियमाने प्लॅटफॉर्मवर केलेला खर्च सहा वर्षांच्या घसाऱ्यात वजा व्हायचा. उशिरा मिळणाऱ्या पैशाची भरपाई म्हणून विशेष करासाठी एक जादा वजावट होती, वर्षाला 5.2 टक्के, चार वर्षे, म्हणजे एकूण 20.8. शंभर क्रोनर गुंतवले तर करात परत मिळणारे असे: 22, आणि 120.8 वर 56 टक्क्यांनी 67.65. बेरीज 89.65, पण हप्त्याहप्त्याने.

एप्रिलच्या प्रस्तावात सरकार म्हणाले, विशेष कराची वजावट पहिल्याच वर्षी घ्या, घसाऱ्याची वाट पाहू नका. मात्र जादा वजावट 20.8 ऐवजी 10. मी कागदावर मांडून पाहिले. बेरीज येते 83.60. पैसे लवकर, पण कमी. कंपन्या का रुसल्या ते इथे कळते. नाव सवलतीचे असले तरी काही प्रकल्पांचा नफा त्याने घटतच होता. 24 टक्क्यांवर बेरीज होते 91.44, तीही बहुतांशी लगेच. 10 आणि 24 मधले अंतर शंभरामागे 7 क्रोनर 84 ओअर. ऐकायला क्षुल्लक, पण कंपनीचा स्वतःचा भार 16.40 वरून 8.56 वर येतो, जवळजवळ निम्मा.

एवढी घाई का, हे तेव्हाच्या भावांत आहे. कोरोनाने विमाने, गाड्या थांबल्या. 20 एप्रिलला तर अमेरिकी तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. कंपन्यांनी नवे प्रकल्प पुढे ढकलायला सुरुवात केली. तेल कंपनी थांबली की तिची फार उपासमार होत नाही. उपासमार होते ती स्टूर्ड, व्हेर्डाल, एगेरसुंड इथल्या, प्लॅटफॉर्म बांधणाऱ्या यार्डांतल्या वेल्डरांची. म्हणून या मागणीच्या पाठीशी मालकांच्या संघटनेबरोबर कामगार संघटनाही उभ्या होत्या.

आता संसदेकडे. तिला स्टूर्टिंग म्हणतात, सभासद 169. एर्ना सोल्बर्ग यांच्या तीन पक्षांच्या सरकारकडे त्यांतले फक्त 61 होते, म्हणजे अर्थमंत्री यान तूरे सान्नर काहीही घेऊन आले तरी आकडा सभागृहातच ठरणार. मला त्या सभागृहाची एक गोष्ट फार आवडते. सभासद एरवी पक्षवार बसत नाहीत, जिल्हावार बसतात. स्टाव्हांगर ज्या रोगालान्द जिल्ह्यात येते तिथले उजवे, डावे, शेतकऱ्यांचे, सगळे शेजारी शेजारी. तेलाचा प्रश्न निघाला की ही बैठक पक्षांच्या यादीपेक्षा जास्त सांगून जाते. पेट्रोलियममंत्री टीना ब्रू याही याच जिल्ह्याच्या.

8 जूनला तडजोड झाली. सत्तेतले पक्ष, विरोधातला मजूर पक्ष आणि जानेवारीत सरकारातून बाहेर पडलेला प्रोग्रेस पक्ष एका आकड्यावर आले. 2020 आणि 2021 च्या गुंतवणुकीला, तसेच 2022 अखेर ज्यांचे विकास आराखडे सादर होतील अशा प्रकल्पांना सवलत. विरोधात उरले सोशालिस्ट लेफ्ट, आणि प्रत्येकी एकच खासदार असलेले ग्रीन व रेड. त्यांचे म्हणणे हवामानाचे होते तसे हिशेबाचेही होते, आणि बऱ्याच अर्थतज्ज्ञांनी तेच मांडले होते. करापूर्वी तोट्यात असलेला प्रकल्प करानंतर फायद्यात दिसू लागला, तर तो फायदा आला कुठून? सरकारच्या वाट्यातून, म्हणजे 1990 च्या कायद्याने उभ्या केलेल्या आणि पुढच्या पिढ्यांसाठी राखलेल्या निधीतून. या प्रश्नाला सरळ उत्तर दिल्याचे मला टिपणात सापडले नाही. उत्तर म्हणून रोजगार येतो. रोजगार खराच, पण ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर झाले. जावयाशी माझे खटके उडाले ते इथेच.

नॉर्वेला हे वाद नवे नाहीत. 1963 मध्ये त्यांनी समुद्रतळावर हक्क सांगितला, 1969 च्या नाताळाच्या तोंडावर एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडले, 1972 मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. 1973 च्या तेलसंकटात भाव चौपट झाल्यावर स्टूर्टिंगने 1975 मध्ये विशेष कर बसवला. कंपन्या निघून जातील असे तेव्हाही म्हटले गेले. गेल्या काही दशकांत सापडलेल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एकाला तर योहान स्वेर्ड्रुप यांचे नाव आहे. 1884 मध्ये राजाला संसदेपुढे नमते घ्यायला लावणारा हा माणूस. आपल्याकडे तेलक्षेत्राला लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचे नाव द्यावे, तसे.

सवलतीचे पुढे काय झाले? भाव वर आले, आणि 2022 च्या युक्रेन युद्धानंतर युरोपात वायूचे दर भडकले. त्या एका वर्षात तेल-वायूतून सरकारकडे बाराशे अब्ज क्रोनरहून जास्त आले. बुडत्यासाठी टाकलेला दोर मात्र 2022 च्या डिसेंबरपर्यंत तसाच लोंबकळत होता. त्या महिन्यात आराखड्यांची रांग लागली. यग्द्रासिल हा सुमारे 115 अब्ज क्रोनरचा प्रकल्प 16 डिसेंबरला सादर झाला. उलट उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला विस्टिंग खर्च वाढल्याने नोव्हेंबरमध्ये पुढे ढकलला गेला आणि मुदत चुकली. म्हणजे 24 टक्क्यांनीही सगळेच तरत नव्हते. दरम्यान सरकार बदलले होते; कराची रचना नव्याने मांडताना 17.69 असा लिहिला जाणारा तो आकडा 2023 साठी 12.4 वर आणला गेला. जानेवारी 2024 मध्ये ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने यग्द्रासिलसह तीन क्षेत्रांच्या मंजुऱ्या अवैध ठरवल्या, कारण जाळल्या जाणाऱ्या तेलाच्या धुराचा विचार झाला नव्हता. सरकारने अपील केले.

माझा आक्षेप सवलतीला नाही, तिच्या मुदतीला आहे. भाव सावरले तर सवलत थांबेल, अशी अट त्यात नव्हती; फक्त तारीख होती. मोठमोठे पक्ष एकमत करतात तेव्हा अटी गळतात, असा माझा अनुभव ऑफिसातल्या बैठकांचाही आहे.

तरी त्यांचा आकडा निदान चव्हाट्यावर ठरला. आपल्याकडे 1 जुलै 2022 रोजी देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनाला 23,250 रुपये अधिभार बसला, पिंपाला साधारण 40 डॉलर. तो अधिसूचनेने आला. पावसाळी अधिवेशन सुरू झाले 18 जुलैला. पुढे दर पंधरवड्याला दर बदलत गेले, अधूनमधून शून्यावरही आले, आणि 2 डिसेंबर 2024 ला अधिभारच रद्द झाला. जावई म्हणतो, भाव रोज हलतो, संसद कशी पुरी पडणार? बरोबर आहे. पण दर पंधरवड्याला आकडा काढायचे काम अधिकाऱ्यांचे असले, तरी तो कुठल्या सूत्राने काढायचा, पिंपाचा भाव किती डॉलरवर गेला की वरच्या रकमेतला किती हिस्सा घ्यायचा आणि नव्या विहिरीच्या खर्चाला किती वजावट द्यायची, एवढे सभागृहात ठरायला एक दुपार पुरे.