मुलांच्या कॉलेजसाठी ठेव : करमाफी कोठे व किती

राहू बेटातील बागायतदार उसाचे बिल हाती आले म्हणजे प्रथम सोसायटीचे कर्ज, मग खत व बेणे, आणि उरल्यास मुलांची शाळा असा क्रम लावतो. कॉलेजचा खर्च मात्र बारावीच्या निकालाबरोबर एकदम दारात उभा राहतो, व कित्येक घरी त्यापायी जमीन गहाण पडते. हा खर्च अठरा वर्षे आधी ठाऊक असतो. म्हणून त्याची तजवीजही आधीच करावयास हवी.

प्रथम कराचा विचार करू. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. ज्याचे सारे उत्पन्न शेतीचेच, त्यास रक्कम भरल्याबद्दल मिळणारी वजावट निरुपयोगी होय. जो कर देणेच नाही, त्यात सूट कसली? शिवाय नव्या करपद्धतीत ही वजावट नाहीच. खरा लाभ व्याजावरील करमाफीत आहे. बँकेतील मुदतठेवीचे व्याज हे शेतीचे उत्पन्न नव्हे. पगार, भाडे, व्याज मिळून बिगरशेती उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेले, तर कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरले जाते. सुकन्या समृद्धी खाते व सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, या दोहोंचे व्याज मात्र पूर्णपणे करमुक्त आहे. किसान विकास पत्राच्या नावास भुलू नये. त्याचे व्याज करपात्र आहे.

सुकन्या समृद्धी योजना जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली. मुलीचे वय दहा वर्षांच्या आत असताना पोस्टात वा बँकेत खाते उघडता येते. वर्षास किमान 250 रुपये व कमाल दीड लाख रुपये भरावयाचे. भरणा पंधरा वर्षे. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीस ठरविते. जानेवारी 2024 मध्ये तो 8.2 टक्के ठरला.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खात्याची मुदत मुलीच्या एकविसाव्या वर्षी संपत नाही, तर खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी संपते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, शिक्षणासाठी मागील वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंतच रक्कम मिळते, तीही प्रवेशाचे कागद दाखवून. हिशेब पाहा. दर वर्षी 50 हजार रुपये भरले व 8.2 टक्के दर कायम राहिला असे धरू. तिसऱ्या वर्षी खाते उघडलेल्या मुलीस अठराव्या वर्षी सुमारे 7 लाख 46 हजार काढता येतील. नवव्या वर्षी उघडलेल्या मुलीस अवघे 3 लाख 40 हजार. योजना तीच, दरही तोच. फरक केवळ पेरणीच्या वेळेचा.

मुलासाठी, किंवा मुलगी मोठी झाली असल्यास, पीपीएफ पाहावे. एप्रिल 2020 मध्ये त्याचा दर 7.1 टक्के ठरला. मुदत पंधरा वर्षे. पुढे पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. खाते उघडल्याचे वर्ष सोडून पाच वर्षे लोटली की काही रक्कम काढता येते. उच्च शिक्षणासाठी एक टक्का व्याज सोडून खाते मुदतीपूर्वी बंदही करता येते. पालक व अज्ञान मुलाच्या खात्यांत मिळून दीड लाखांचीच मर्यादा आहे. या निधीवर कर्जापोटी न्यायालयाची जप्ती येत नाही, ही गोष्ट कर्जदार शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी.

दोन्ही खात्यांत महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज धरतात. यास्तव वर्षाची रक्कम 5 एप्रिलच्या आत भरावी, म्हणजे बारा महिन्यांचे व्याज पदरात पडते. गाळपाचा हंगामही त्याच सुमारास आटोपतो. बिलातून ही रक्कम प्रथम वेगळी काढावी.

शेवटी एक विनंती. अठरा वर्षांनंतर विवाहासाठी सुकन्या खाते बंद करता येते, म्हणून तो पैसा मांडवात खर्चू नये. तो मुलीच्या विद्येचा आहे. तिच्या विद्येसच लागावा.