धुरके आणि रानातील ओझोन

'धुरके' हा शब्द धूर आणि धुके यांच्या संयोगाने सिद्ध झाला आहे. इंग्रजी 'स्मॉग'ची घडणही तशीच. लंडनच्या हवेपुरता तो यथार्थ होता. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे साचला तो कोळशाचा धूर, सल्फर डायऑक्साइड आणि खरोखरीचे धुके. पण हेच नाव लॉस एंजेलिसच्या हवेसही लागले. तेथे भर उन्हात डोळे झोंबत. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो, हे हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखविले. नाव एक, रसायन मात्र सर्वस्वी भिन्न!

या ओझोनचे वर्तन मोठे चमत्कारिक आहे. इंजिनातून प्रथम बाहेर पडतो तो मुख्यत्वे नायट्रिक ऑक्साइड. तो ओझोनचा एक अणू हिरावून घेऊन नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. म्हणून वर्दळीच्या चौकात ओझोन कमीच आढळतो. सूर्यप्रकाशात हा डायऑक्साइड तोच अणू परत सोडतो आणि प्राणवायूशी संयोग होऊन ओझोन पुन्हा तयार होतो. एवढेच चक्र असते तर जमाखर्च बरोबरीत राहिला असता. परंतु हायड्रोकार्बनांच्या विघटनातून उत्पन्न होणारी अल्पायुषी मूलके ओझोन खर्ची न घालताच नायट्रिक ऑक्साइडचे डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात, आणि ओझोन शिलकीत पडत जातो. या क्रियेस काही तास लागतात. तोवर वाऱ्याने ती हवा नगराबाहेर गेलेली असते. तेथे ओझोन खाणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड फारसा नसतो.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांत पाँडेरोसा पाइनची सूचिपर्णे १९५०च्या दशकात अकाली पिवळी पडून गळू लागली. पुढील दशकात त्याचे कारण ओझोन हेच ठरले. एकोणिसाव्या शतकात डोंगरावरील वा समुद्रकाठच्या 'ओझोनयुक्त' हवेची आरोग्यदायी म्हणून वाखाणणी होत असे! शोनबाइन यांनी १८४० मध्ये 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून हे नाव योजिले, तेव्हा त्यात असा गुणगौरव मुळीच नव्हता.

'शहरची हवा दूषित, खेड्याची शुद्ध' हे समीकरण या वायूपुरते तरी टिकत नाही. केवळ चौकात मापनयंत्र ठेवणाऱ्यास वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शेताची हानी दिसणार नाही. २०२० मध्ये टाळेबंदीने वाहने थांबली तेव्हा अनेक शहरांत नायट्रोजनची ऑक्साइडे घटली, आणि ओझोन मात्र वाढला.