गणिताचा गृहपाठ : ‘म्हणून’ या शब्दाचा अभ्यास

मराठीच्या पुस्तिकेत गणिताच्या गृहपाठाचे काय काम, असा प्रश्न तुम्हांला पडेल. पदवीच्या गणितातील गृहपाठ हा पुष्कळदा गद्यलेखनाचाच अभ्यास असतो. शास्त्रीय लेखनाचा विचार करताना म्हणूनच तो येथे घेतला आहे.

बदलापूरच्या कात्रप भागात राहणारी, मुंबईत नोकरी करणारी एक विद्यार्थिनी कल्पा. शाळेत तिच्या लेखी गणित म्हणजे उत्तर. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी ते जुळले की काम संपले. आता मात्र प्रश्नातच उत्तर दिलेले आहे : ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे सिद्ध करा.’ मग लिहायचे काय? लोकलमध्ये बसायला जागा मिळाली त्या दिवशी तिने लिहिले : ३+५=८, ७+९=१६, ११+१३=२४; म्हणून विधान सिद्ध झाले.

यातील प्रत्येक बेरीज बरोबर आहे. चुकले आहे ते केवळ ‘म्हणून’. व्याकरणात आपण याला परिणामबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतो. पण येथे तीन उदाहरणांचा परिणाम म्हणून सर्व विषम संख्यांविषयीचे विधान निघत नाही. ही तक्रार फाजील काटेकोरपणाची वाटेल. म्हणून एक पदावली पाहा : न×न+न+४१. न च्या जागी ० ते ३९ यांपैकी कोणतीही संख्या घाला, उत्तर मूळसंख्याच येते. सलग चाळीस दाखले! न=४० घेताच मात्र १६८१ मिळतात, आणि ते तर ४१×४१ आहेत.

आता तोच गृहपाठ असा लिहू : ‘पहिली संख्या २क+१ व दुसरी २ख+१ मानू, क आणि ख हे पूर्णांक आहेत. त्यांची बेरीज २(क+ख+१) होते. क+ख+१ हाही पूर्णांक आहे, म्हणून बेरीज सम आहे.’ दोन अक्षरे वेगळी का घेतली, याकडे लक्ष द्या. दोन्हीकडे क लिहिले असते, तर दोन्ही संख्या एकच ठरल्या असत्या. ही चूक फार आढळते.

असे कारण लिहून दाखवण्याला आपल्याकडे ‘उपपत्ती’ हा जुना शब्द आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त रीती श्लोकबद्ध आहेत, कारणे बहुधा दिलेली नाहीत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि त्यांतील अनेक रीतींच्या उपपत्ती दिल्या.

दूरशिक्षणात संमंत्रकांची भेट क्वचित होते. वहीच्या समासातील त्यांचा शेरा हाच बहुतेक वेळा संवाद असतो. तयार उत्तरांची झेरॉक्स उतरवून काढली, तर तो शेरा दुसऱ्याच कुणाच्या तरी विचाराला मिळतो. (उतरवताना क चा ख झाला, तर तेही लक्षात येत नाही.) त्यापेक्षा ‘येथपर्यंत जमले; पुढची पायरी का खरी, हे सांगता येत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहून वही द्या. संमंत्रकांना नेमके तेथेच बोट ठेवता येते.

आता वहीत लिहून पाहा : दोन विषम संख्यांचा गुणाकार विषम असतो. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘म्हणून’खाली रेघ ओढा आणि त्याच्या आधीच्या वाक्यात कारण खरोखर आले आहे का, ते तपासा.