पाच साक्षी आणि सहावी संख्या

दोन ही संख्या घ्या. तिचा वर्ग ४, चाराचा १६, सोळाचा २५६ आणि त्याचा ६५,५३६. या प्रत्येकीत एक मिळविला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ अशा संख्या येतात. या पाचही मूळ संख्या होत. म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः यांवाचून त्यांना कशानेही निःशेष भाग जात नाही.

तुलूझचा न्यायाधिकारी पिएर द फर्मा याने १६४० मध्ये मत दिले की, ही माळ कितीही वाढविली तरी मूळ संख्याच मिळतील. सिद्धता मात्र आपल्यापाशी नाही, हेही त्याने प्रांजळपणे कळविले.

सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७. ऑयलरने १७३२ मध्ये दाखविले की हिला ६४१ ने भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. घरी गेल्यावर गुणाकार अवश्य करून पाहावा. म्हणजे ही संख्या मूळ नव्हे, संयुक्त ठरली.

एवढ्या मोठ्या संख्येला भागायचे तरी कशाकशाने? हिचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवून झालेला असतो, हे ऑयलरनेच पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारालाच निकाल!

या माळेत पहिल्या पाचांपलीकडे एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पाच साक्षी जुळल्या म्हणून खटला सिद्ध होत नाही, हे न्यायासनावर बसणाऱ्या फर्माला आपण काय सांगावे? पण गणितातही न्याय तोच आहे.