वास्तू दाराशी येते तेव्हा

पोथी एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते; वास्तू जागची हलत नाही. ती पाहायची तर आपणच तिच्याकडे जायचे, हा आजवरचा रिवाज फिरत्या वास्तुप्रदर्शनांनी उलटा केला आहे.

पुण्यात १९२७ साली, फर्निचरच्या व्यवसायातील कुटुंबात जन्मलेले बाळकृष्ण दोशी हे प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय वास्तुविशारद. त्यांच्या कार्याचे प्रदर्शन २०१९ मध्ये जर्मनीतील व्हिट्रा डिझाइन म्युझियममध्ये उघडले आणि पुढे म्युनिक, व्हिएन्ना, शिकागो असे फिरले. शिकागोच्या विद्यार्थ्याला त्यातून जे इंदूर कळले, ते इंदूरला सोयरीक असलेल्या नागपूरकरालाही ठाऊक नसते. दोशींच्या तेथील ‘अरण्य’ वसाहतीत गरीब कुटुंबाला भूखंड, जोते, शौचालय आणि पाण्याची सोय एवढेच मिळे. खोल्या कमाईप्रमाणे वाढवायच्या. छायाचित्रात ही नुसती घरांची दाटी दिसते. प्रतिकृतीवर वाकून पाहिले की जिना बाहेरून का काढला, ओटा रस्त्याकडे का ठेवला, हे शाळकरी मुलालाही उमगते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण अहमदाबादचे. मुनिश्री पुण्यविजयजींनी दिलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह जपण्यासाठी शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर उभे राहिले. तीही इमारत दोशींचीच. पोथ्यांना ऊन आणि धूळ सोसत नाही, अभ्यासकाला मात्र उजेड हवा. हा पेच तिथे सोडवावा लागला. अशा कामात वास्तुविशारदाइतकाच बांधून घेणाराही जाणता असावा लागतो.

आपला समाज मंदिरे, उपाश्रय, धर्मशाळा सतत बांधत आला आहे. तरीही विश्वस्तांपुढे नकाशा येतो तेव्हा नजर जाते ती चौरस फुटांवर आणि संगमरवराच्या भावावर. वारा कुठून येईल, वयोवृद्ध साध्वीजींना किती पायऱ्या चढाव्या लागतील, याची चौकशी बहुधा बांधकाम संपल्यावर होते. नकाशा वाचण्याची सवय पुस्तकाने फारशी लागत नाही. प्रतिकृती आणि नकाशा शेजारी ठेवून पाहिले तर लागते.

नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुकला शिकवली जाते. १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, आहेच. फलक आणि प्रतिकृती आणण्याच्या मालवाहतुकीचा हिशेब व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको. प्रत्येक प्रतिकृतीपाशी एक विद्यार्थी मराठी-हिंदीत समजावून सांगायला उभा हवा. शिवाय आठ दिवस तरी प्रदर्शन इतवारीतील एखाद्या समाजभवनात ठेवावे, म्हणजे दुकान वाढवून सहकुटुंब येता येईल. वेळ मात्र चौविहारानंतरची ठेवावी लागेल.